घरात रीलोडिंगचे साहित्य ठेवताना : साठवण, मर्यादा आणि घराचा विमा

काडतूस झाडल्यानंतर त्याची पितळी पुंगळी शाबूत राहते. ती साफ करून, तिच्या बुडाशी नवा प्रायमर, म्हणजे ठोक्याने पेटून दारूला आग देणारी छोटी टोपी, बसवून, तोलूनमापून दारू भरून आणि तोंडाशी नवी गोळी दाबून तेच काडतूस पुन्हा वापरण्याजोगे करणे, याला अमेरिकेतील नेमबाज रीलोडिंग म्हणतात. रेंजवर नियमित जाणाऱ्या मराठी कुटुंबांतूनही आता कोणी ना कोणी याकडे वळते आणि पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : हे सामान घरात आणले तर घराचा विमा रद्द होतो का? थोडक्यात सांगायचे तर केवळ हे साहित्य घरात आहे एवढ्यावरून सर्वसाधारण पॉलिसी आपोआप रद्द होत नाही. दावा अडचणीत येतो तो मर्यादेबाहेरच्या साठ्यामुळे, अर्जात दिलेल्या चुकीच्या उत्तरामुळे किंवा घरातून चालवलेल्या विक्रीमुळे. साठवण नीट करणे आणि कागद नीट ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत असे नव्याने येणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ती एकाच कामाची दोन टोके आहेत, म्हणून पुढील पायऱ्या मी त्याच क्रमाने दिल्या आहेत. हे सारे अमेरिकेपुरते आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि काडतुसे बनविण्याची यंत्रसामग्रीदेखील ‘दारूगोळा’ म्हणूनच धरली जाते, त्यामुळे तेथे परवान्याशिवाय या वाटेला जाताच येत नाही.

पहिली पायरी : आपला व्हिसा तपासा

ही पायरी इंग्रजी मार्गदर्शकांत सहसा नसते, पण आपल्या लोकांसाठी ती सर्वांत आधी यायला हवी. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, म्हणजे एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ किंवा बी-२ वर आलेल्यांना, काही ठरावीक अपवाद वगळता बंदूक किंवा दारूगोळा बाळगता येत नाही. त्याच कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या करताना तयार काडतुसाबरोबर पुंगळी, प्रायमर, गोळी आणि दारू यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ज्याच्याकडे बंदूक नाही, पण मित्राबरोबर अर्ध्या वाट्याने प्रायमरचा खोका विकत घेऊन ज्याने तो कपाटात ठेवला आहे, तोही या कलमाच्या कक्षेत येऊ शकतो. अमेरिकेतील एखाद्या राज्याने कायदेशीररीत्या दिलेला शिकारीचा परवाना हा सर्वांत परिचित अपवाद आहे. ग्रीनकार्डधारकांना आणि नागरिकांना ही व्हिसाची बंदी लागू होत नाही. आपण नेमके कोठे बसतो याविषयी किंचितही शंका असेल तर खरेदी थांबवावी आणि इमिग्रेशन वकिलाला विचारावे, कारण येथील चूक ही विम्याच्या दाव्यापुरती मर्यादित राहत नाही, ती देशात राहण्याच्या हक्कापर्यंत जाऊ शकते.

याला जोडूनच आणखी एक गोष्ट. स्वतःकडे ग्रीनकार्ड असले तरी आई-वडील सहा महिन्यांसाठी बी-२ वर येऊन राहतात, भाचा एफ-१ वर शिकत असताना सुट्टीला येतो. त्यांच्या हाती चावी पडू नये, साहित्याच्या खोलीत त्यांचे सामान ठेवू नये आणि त्यांना ‘जरा हा डबा उचलून दे’ असेही सांगू नये.

दुसरी पायरी : किती ठेवता येते

येथे दोन संहिता महत्त्वाच्या आहेत. एक, नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनची स्फोटक पदार्थांविषयीची संहिता, जी एनएफपीए ४९५ या नावाने ओळखली जाते. आणि दुसरी, इंटरनॅशनल फायर कोड, जो अनेक राज्यांनी आणि नगरांनी कमीअधिक बदल करून स्वीकारला आहे. राहत्या घराबाबत दोन्हींतील आकडे जवळपास सारखे आहेत. धूररहित दारू, म्हणजे आजच्या काडतुसांत वापरली जाणारी स्मोकलेस पावडर, मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ९ किलो, घरात ठेवता येते. २० पौंडांच्या वर आणि ५० पौंडांपर्यंत ठेवायची असेल तर ती किमान एक इंच (‘नॉमिनल’) जाडीच्या भिंती असलेल्या लाकडी पेटीत किंवा कपाटात ठेवावी लागते. प्रायमर १०,००० पर्यंत ठेवता येतात.

हे आकडे प्रत्यक्षात कसे दिसतात ते पाहा. दारू बहुधा एक पौंडाच्या आणि आठ पौंडांच्या डब्यांत मिळते. आठ पौंडांचे दोन मोठे डबे आणि एक पौंडाचे चार लहान डबे झाले की २० पौंड भरले. प्रायमर शंभराच्या तबकडीत आणि अशा दहा तबकड्या मिळून हजाराच्या खोक्यात येतात. असे दहा खोके म्हणजे मर्यादा संपली. एकट्या नेमबाजाला हे पुष्कळ आहे. तरीही लोक मर्यादा ओलांडतात आणि त्याचे कारण लोभापेक्षा धास्ती हे असते. २०२० नंतर प्रायमरची मोठी टंचाई झाली, तेव्हापासून ‘मिळतात तेव्हा घेऊन ठेवावेत’ ही सवय लागली. शिवाय घातक माल पाठविण्याचे वेगळे शुल्क प्रत्येक पार्सलवर लागत असल्यामुळे चार मित्र मिळून एकच मोठी मागणी नोंदवतात आणि सारा माल एकाच्या तळघरात उतरतो. वाटणी होईपर्यंत तो माल तुमच्या छपराखाली आहे, आणि अग्निशमन अधिकारी तो कोणाच्या पैशाने आला हे विचारणार नाही. वाटणी त्याच दिवशी करायची नसेल तर अशा मागणीला आपला पत्ता देऊ नये.

आणखी दोन गोष्टी नव्याने येणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत. इंटरनॅशनल फायर कोडमधील ही सवलत प्रामुख्याने एक किंवा दोन कुटुंबांच्या स्वतंत्र घरांसाठी आहे. मोठ्या अपार्टमेंट इमारतीतील भाडेकरूने ती आपल्याला लागू आहे असे गृहीत धरू नये, आणि भाडेकरारातील घातक पदार्थांचे कलम तर वाचावेच. दुसरे असे की राज्य, काउंटी किंवा नगर यांचे नियम याहून कडक असू शकतात. त्यासाठी स्थानिक अग्निशमन विभागाच्या तातडीविरहित क्रमांकावर फोन करून फायर मार्शलच्या कार्यालयाला विचारावे, आणि शक्य असल्यास उत्तर ई-मेलने मागावे.

काळी दारू, म्हणजे ब्लॅक पावडर, हा वेगळाच विषय आहे. जुन्या पद्धतीच्या बंदुकांसाठी ती लागते. पण ती ठिणगीने आणि स्थिर विजेनेही पेट घेऊ शकते आणि संघीय कायद्यात तिची गणना स्फोटकांत होते. नवशिक्याने ती पहिल्या वर्षात घरात आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी पायरी : जागा आणि पेटी

धूररहित दारू ही नायट्रोसेल्युलोजपासून बनते, आणि काही प्रकारांत नायट्रोग्लिसरीनही असते. मोकळ्यावर ती पेटली तर भडका उडतो, मोठा आणि वेगाने, पण तो भडकाच असतो. तीच दारू घट्ट बंद जागेत पेटली तर वायूंना बाहेर पडायला वाट राहत नाही, दाब चढत जातो आणि भांडेच फुटते. ही एक गोष्ट समजली की साठवणीचे बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. मूळ डबा मुद्दाम असा केलेला असतो की आतला दाब थोडा वाढताच तो उसवावा. म्हणून दारू काचेच्या बरणीत, स्टीलच्या डब्यात किंवा रबरी गॅस्केट असलेल्या लष्करी अॅमो कॅनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या हवाबंद धातूच्या पेटीत, कधीही ओतू नये. बंदुकीच्या जड तिजोरीत ती ठेवणे सुरक्षित वाटते, पण तो भ्रम आहे : तिजोरीच्या जाड पोलादी भिंती आगीच्या वेळी नेमका नको तो बंदिस्तपणा पुरवतात. बंदूक तिजोरीत, दारू लाकडी कपाटात, ही विभागणी पक्की करावी.

लाकूड उष्णता हळू आत जाऊ देते आणि दाब आला की सांध्यांतून सुटते; संहितेत लाकडाचा आग्रह आहे तो त्यामुळे. माझी पेटी मी पाइनच्या फळ्यांची केली. लाकडाच्या दुकानात ‘एक इंची’ म्हणून मिळणारी फळी पट्टीने मोजली तर पाऊण इंचच भरते, कारण एक इंच हे रंधा मारण्यापूर्वीचे व्यापारी माप आहे; संहितेतील ‘नॉमिनल’ हा शब्द याच मापाला उद्देशून आहे, तेव्हा पाऊण इंच भरली म्हणून फळी परत करण्याचे कारण नाही. झाकणाला मी वरून बिजागऱ्या लावल्या, घट्ट बसणारी पकड लावली नाही, आणि झाकण व कडा यांत पोस्टकार्ड सरकेल एवढी फट राहू दिली. मुलांपासून संरक्षण हवे म्हणून कुलूप आहे, पण ते खोलीच्या दाराला आहे. माझा साठा २० पौंडांच्या बराच खाली असतो, तेव्हा नियमाने मला पेटीची गरज नव्हती. तरीही ती करावी असे मी प्रत्येकाला सांगतो, कारण लाकूड आणि दोन तासांची मेहनत याखेरीज तिला काही लागत नाही.

जागा थंड, कोरडी आणि आगीच्या उगमापासून दूर असावी. टेक्सास किंवा अॅरिझोनातील उन्हाळ्यात गॅरेज आणि माळा तापतात, आणि उष्णतेने दारूतील स्थिरक, म्हणजे तिला बिघडू न देणारा घटक, लवकर संपतो. तळघर त्या मानाने बरे, पण तेथेच बहुधा गॅसचा वॉटर हीटर, घर तापवणारी भट्टी (फर्नेस) आणि कपडे वाळवण्याचे यंत्र असते. त्यांच्या खोलीत पेटी ठेवू नये. रंग, थिनर, पेट्रोलचे कॅन आणि कपडे पांढरे करण्याचे ब्लीच यांच्या शेजारीही ठेवू नये. आपल्या घरांत आणखी एक गोष्ट असते, जिचा उल्लेख येथील पुस्तिकांत येणार नाही : देवघर. जागेअभावी अनेकांनी तळघरातील खोली देवघरासाठी दिलेली असते. रोजचे निरांजन, उदबत्ती आणि दिवाळीतील पणत्या जेथे पेटतात, त्याच खोलीत किंवा त्या खोलीला दार नसेल तर शेजारच्या खोलीतही हे सामान नको. दोहोंपैकी एकाची जागा बदलावी, आणि ती सामानाची बदलावी.

प्रायमर दारूपासून वेगळ्या कपाटात ठेवावेत. प्रायमरमध्ये लेड स्टिफनेटसारखे संवेदनशील मिश्रण असते. ते ठोक्याने, घर्षणाने, उष्णतेने किंवा स्थिर विजेने उडते. मूळ तबकडीत प्रत्येक प्रायमरला स्वतंत्र खण असतो तो सजावटीसाठी नसून एक उडाला तरी शेजारचा उडू नये यासाठी असतो. सुटे प्रायमर बरणीत जमा करून ठेवणे, हा या छंदातील सर्वांत धोकादायक आळस आहे. लागतील तेवढेच बाहेर काढावेत, उरलेले तबकडीत परत लावावेत. गालिचा असलेल्या खोलीत, विशेषतः हिवाळ्यातील कोरड्या हवेत, बसण्याआधी एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावून अंगावरची वीज उतरवावी. सांडलेली दारू किंवा प्रायमर घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नयेत, मोटारीची ठिणगी पुरेशी होते. हाताने झाडू आणि सुपलीनेच गोळा करावेत.

टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा असावा आणि काम संपताच मापयंत्रात उरलेली दारू त्याच डब्यात परत जावी. यंत्रात रात्रभर राहिलेली, कोणती ते आता आठवत नसलेली दारू दुसऱ्या डब्यात ओतली की तो सारा डबा वाया जातो, कारण पिस्तुलाची वेगाने जळणारी दारू रायफलच्या दारूत मिसळली तर बंदूक फुटू शकते. दर सहा महिन्यांनी प्रत्येक डबा उघडून पाहावा. चांगल्या दारूला ईथरसारखा किंवा सौम्य द्रावकाचा वास येतो. झोंबणारा, आंबट वास, तांबूस-तपकिरी धूळ किंवा वाफ आणि डब्याच्या पत्र्याला आतून चढलेला गंज ही दारू बिघडल्याची लक्षणे होत. असा डबा घरात ठेवू नये, कचऱ्याच्या पिंपात किंवा शौचालयातही टाकू नये. अग्निशमन विभागाला विचारून त्याची विल्हेवाट लावावी. रिकामे झालेले डबेही दुसऱ्या कशासाठी वापरू नयेत.

चौथी पायरी : पॉलिसी हातात घेऊन वाचा

स्वतंत्र घराच्या विम्याचा सर्वांत प्रचलित नमुना एचओ-३ या नावाने ओळखला जातो. भाडेकरूंसाठी एचओ-४ आणि कॉन्डोसाठी एचओ-६ असतो. इन्शुरन्स सर्व्हिसेस ऑफिसने तयार केलेला हा नमुना कंपन्या आपापले बदल करून वापरतात, म्हणून मी येथे सांगितलेली प्रत्येक गोष्ट आपल्या प्रतीत शोधून पाहावी.

एचओ-३ मध्ये घराच्या वास्तूला व्यापक संरक्षण असते : जे स्पष्ट वगळले नाही ते सर्व त्यात येते. घरातील वस्तूंना मात्र नावे दिलेल्या १६ संकटांपुरते संरक्षण असते. त्या १६ मध्ये आग आहे, चोरी आहे आणि स्फोटही आहे. तेव्हा ‘स्फोट’ हा शब्द वाचून घाबरण्याचे कारण नाही. काळजी घ्यायची ती पुढील चार ठिकाणी.

चोरीची उपमर्यादा ही पहिली. मूळ नमुन्यात बंदुका आणि त्यांच्याशी संबंधित साधनांच्या चोरीसाठी २,५०० डॉलर एवढीच भरपाई ठेवलेली आहे, मग वस्तूंचे एकूण संरक्षण लाखभर डॉलरचे का असेना. एक चांगली रायफल आणि तिची दुर्बीण एवढ्यानेच ही रक्कम संपते. रीलोडिंगचा प्रेस (काडतूस दाबून बसवण्याचे यंत्र), डाय (त्यात लावायचा साचा) आणि तराजू ‘संबंधित साधने’ म्हणून धरली जातात की सामान्य हत्यारे म्हणून, हे आपल्या कंपनीला विचारून ठेवावे. रक्कम कमी पडत असेल तर जादा हप्ता भरून वेगळी यादी जोडता येते.

दुसरे ठिकाण म्हणजे वस्तूंचे मूल्य. मूळ नमुना घरातील वस्तूंची भरपाई घसारा वजा करून देतो. नव्या वस्तूच्या किमतीएवढी भरपाई हवी असल्यास त्याची वेगळी पुरवणी घ्यावी लागते.

तिसरे म्हणजे पाणी. तळघर साठवणीला चांगले असले तरी बाहेरून येणारा पूर एचओ-३ मधून वगळलेला असतो आणि मोरीतून किंवा सम्प पंपातून (तळघरातील पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपातून) उलटे चढलेले पाणीही पुरवणीशिवाय धरले जात नाही. पेटी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

चौथे ठिकाण सर्वांत जुने आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. न्यूयॉर्कच्या १९४३ च्या प्रमाणित अग्निविमा पत्रात असे कलम होते की विमाधारकाच्या माहितीने किंवा नियंत्रणाखाली धोका वाढलेला असेल तर त्या काळात विमा कंपनी जबाबदार राहणार नाही. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्स अशा राज्यांत या मजकुराला आजही कायद्याचा आधार आहे. २० पौंडांच्या आत, मूळ डब्यांत, संहितेप्रमाणे ठेवलेला छंदाचा साठा म्हणजे ‘वाढवलेला धोका’ असे म्हणणे कंपनीला अवघड जाईल. पण ७० पौंड दारू आणि ३०,००० प्रायमर गॅस हीटरच्या शेजारी सापडले तर हेच कलम पुढे येईल. अग्निसंहितेची मर्यादा पाळणे हा विम्याचाही बचाव आहे, तो असा.

पाचवी पायरी : कंपनीला लेखी विचारा

माझ्या बाबतीत घडलेले सांगतो. सुरुवातीला मी एजंटला फोन करून विचारले होते. त्याने ‘काही हरकत नाही’ असे सांगितले आणि मी समाधानाने फोन ठेवला. दोन वर्षांनी तो एजंट दुसरीकडे गेला, नव्या एजंटने फाइल उघडली, आणि त्या संभाषणाची एक ओळही तिच्यात नव्हती. नुकसान काही झाले नाही, पण त्या दोन वर्षांत घराला आग लागली असती तर माझ्याकडे दाखवायला काहीही नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक गोष्ट ई-मेलने विचारतो.

पत्र लहान असावे. आपण वैयक्तिक वापरासाठी, विक्री न करता, काडतुसे भरतो. धूररहित दारू अमुक पौंडांपर्यंत आणि प्रायमर अमुक संख्येपर्यंत, मूळ वेष्टनांत, एनएफपीए ४९५ च्या मर्यादेत ठेवतो. एवढे लिहून चार प्रश्न विचारावेत. या साठ्यामुळे माझ्या पॉलिसीतील कोणत्याही संरक्षणावर परिणाम होतो का? माझ्या पॉलिसीला स्फोटक किंवा घातक पदार्थांविषयी कोणते वेगळे कलम जोडलेले आहे का? असल्यास त्याची प्रत मिळेल का? रीलोडिंगची साधने कोणत्या उपमर्यादेत येतात? उत्तर एजंटकडून न घेता शक्य तर कंपनीच्या अंडररायटिंग विभागाकडून मागावे, कारण धोका स्वीकारायचा की नाही हे तो विभाग ठरवतो.

‘विचारलेच कशाला, उगीच त्यांच्या डोळ्यांवर येऊ’ असा सल्ला रेंजवर हमखास मिळतो. हे खरे आहे की एखादी कंपनी नकार देऊ शकते किंवा नूतनीकरणाच्या वेळी अट घालू शकते. पण नकार आज मिळाला तर दुसरी कंपनी शोधायला वेळ असतो. घर जळाल्यावर मिळाला तर नसतो. शिवाय अर्जात घरातील स्फोटक किंवा ज्वालाग्राही पदार्थांविषयी प्रश्न असेल आणि आपण जाणूनबुजून ‘नाही’ लिहिले असेल, तर महत्त्वाची माहिती दडवल्याच्या कलमाखाली पूर्ण दावाच नाकारला जाण्याची वेळ येऊ शकते. मग दारूचा आगीशी काही संबंध होता की आग स्वयंपाकघरातून लागली, ही चर्चाही मागे पडते. कंपनी बदलताना नव्या अर्जातील प्रश्न पुन्हा नव्याने वाचावेत.

सहावी पायरी : यादी

दाव्याच्या वेळी कंपनी वस्तूंची यादी, संख्या आणि किंमत मागते आणि शपथपूर्वक नुकसानपत्र तिच्या मागणीपासून ६० दिवसांत द्यावे लागते. म्हणून प्रेस, डाय, तराजू, मापयंत्र यांची छायाचित्रे, अनुक्रमांक आणि पावत्या आधीच जमवाव्यात. कपाट उघडे ठेवून एक छायाचित्र असे काढावे की डब्यांवरील नावे आणि त्यांची संख्या वाचता येईल. मर्यादा पाळल्याचा तो पुरावाही ठरतो. प्रत घराबाहेर किंवा ऑनलाइन साठवणीत ठेवावी. हीच छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

सातवी पायरी : विकू नये, वाटूही नये

स्वतःसाठी काडतुसे भरायला संघीय परवाना लागत नाही. विक्रीसाठी व्यवसाय म्हणून बनवायला लागतो, आणि तो ‘प्रकार ०६’ चा उत्पादक परवाना होय. विम्याच्या दृष्टीने धंदा ही आणखी वेगळी रेषा आहे, कारण घरातून चालणाऱ्या धंद्यातून उद्भवलेले उत्तरदायित्व घराच्या पॉलिसीतून बहुतेक वगळलेले असते. मित्राने ‘पैसे देतो, मलाही शंभर भरून दे’ म्हटले की संकोच वाटतो, पण येथे संकोच बाजूला ठेवावा. फुकट देणेही मी टाळतो. आपण भरलेल्या काडतुसाने दुसऱ्याची बंदूक फुटून त्याच्या डोळ्याला इजा झाली तर दावा आपल्यावर येईल, आणि घराच्या पॉलिसीतील उत्तरदायित्वाची रक्कम अनेकदा १,००,००० डॉलरपासूनच सुरू होते. ती वाढवून घेणे किंवा वरून अंब्रेला पॉलिसी, म्हणजे त्या रकमेपलीकडचे उत्तरदायित्व पेलणारा जादा विमा, घेणे तुलनेने स्वस्त असते. मित्राला शिकायचे असेल तर त्याला टेबलाशी बसवून त्याचीच काडतुसे त्याच्याच हाताने भरू द्यावीत.

आठवी पायरी : आग लागल्यास

स्वतः विझवण्याचा प्रयत्न दारूपर्यंत आग पोहोचण्यापूर्वीच करावा. या दारूत जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो, त्यामुळे ती एकदा पेटली की तिला गुदमरवून विझवता येत नाही. सर्वांना बाहेर काढावे, ९११ ला फोन करावा आणि अग्निशमन दल येताच दारू, प्रायमर आणि तयार काडतुसे घराच्या कोणत्या कोपऱ्यात आणि सुमारे किती आहेत हे न दडवता सांगावे. बंदुकीबाहेर तापून फुटलेल्या काडतुसाची गोळी, लोक समजतात तशी, सुसाट जात नाही. हलकी पुंगळीच फुटून थोड्या अंतरावर उडते, आणि अग्निशमन जवानांचा पोशाख तिला पुरा पडतो. दारूगोळा उद्योगाची प्रमाणसंस्था असलेल्या सॅमीने यावर प्रत्यक्ष चाचण्या केलेल्या आहेत. पण हे त्यांना माहीत असणे आणि समोर काय आहे हे न कळता त्यांनी घरात शिरणे, यांत फार अंतर आहे.

नववी पायरी : घरच्यांसाठी एक कागद

हा छंद बहुधा घरातील एकच माणूस करतो आणि बाकीच्यांना त्या खोलीतले काहीच ठाऊक नसते. तो माणूस भारतात गेलेला असताना, रुग्णालयात असताना किंवा अचानक गेल्यावर, मागे राहिलेल्यांच्या हाती कुलूपबंद खोली आणि अनोळखी डबे येतात. घरसामान हलवणाऱ्या कंपन्या दारू आणि प्रायमर नेत नाहीत, हेही त्यांना शेवटच्या दिवशी कळते. माझ्या लाकडी पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे, वर इंग्रजीत आणि खाली मराठीत. त्यावर काय कोठे आहे, काय हलवायचे नाही, रेंजवरील कोणत्या दोन मित्रांना बोलवायचे, अग्निशमन विभागाचा तातडीविरहित क्रमांक आणि विमा पत्राचा क्रमांक एवढेच लिहिले आहे. तोच कागद स्वयंपाकघरातील फाइलमध्येही आहे, कारण पेटी उघडल्याशिवाय पेटीतला कागद दिसत नाही. दरवर्षी विम्याचे नूतनीकरणाचे पत्र आले की मी डबे मोजतो, छायाचित्र नवे काढतो, आणि पत्नीला खाली नेऊन तो कागद तिच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घेतो.